सेकंदाच्या हजाराव्या भागाचं कुलूप

शीर्षक वाचून हा लेख घड्याळावर किंवा बँकेच्या तिजोरीवर असेल असं कुणाला वाटलं असेल, तर तसं नाही. विषय आहे खिशात मावणारी पिस्तुलं. तीही आजची नव्हेत. साधारण १८९४ ते १९२० या काळात युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये स्वतःच रिकामी पुंगळी बाहेर टाकणारी आणि स्वतःच पुढचं काडतूस भरणारी जी पहिलीवहिली छोटी पिस्तुलं बनली, त्यांच्या पोटातल्या चमत्कारिक यंत्रणांबद्दल लिहायचं आहे.

आधीच सांगतो, मला शस्त्रांचं वेड नाही. मी मेकॅनिकलचा विद्यार्थी. थिअरी ऑफ मशिन्समध्ये इन्व्हर्जन, कॅम, लिंकेज हे सगळं आपण पाठ करतो, पेपरात लिहितो आणि विसरतो. जुनी पेटंट ड्रॉइंग्ज चाळण्याची सवय लागली तेव्हा लक्षात आलं, की हे सगळे धडे या पिस्तुलांत तळहाताएवढ्या जागेत बसवलेले आहेत. शिवाय या यंत्रणांच्या स्पर्धेचा निकाल काय लागला हे आज आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे उत्तरपत्रिकेसकट प्रश्नपत्रिका हातात आहे! अशी संधी सोडू नये.

प्रश्न काय होता?

घरचा कुकर डोळ्यांपुढे आणा. आत वाफ कोंडलेली असताना झाकण उघडायचं नाही, ही शिकवण आपल्या सगळ्यांना लहानपणापासून आहे. शिट्टी उचलून बघायची, वाफ गेली की मगच झाकण काढायचं. त्या कुकरात बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब असतो फक्त एक बारच्या आसपास. पिस्तुलाच्या नळीत काडतुसातली दारू पेटते तेव्हा हा दाब हजार बारच्याही वर जातो. गोळी नळीतून बाहेर पडली की दाब एकदम उतरतो. या सगळ्याला लागणारा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी.

आता यंत्रणेकडून अपेक्षा अशी, की नळीची मागची बाजू, जिला ब्रीच म्हणतात, ती या दाबानंच आपोआप उघडावी. पण दाब उतरण्याआधी पूर्ण उघडू नये. लवकर उघडली तर पितळेची पातळ पुंगळी आधाराविना फाटते आणि गरम वायू चालवणाऱ्याच्या हातावर, तोंडावर येतो. मुळीच उघडली नाही तर पिस्तूल आपोआप भरलं जात नाही. थोडक्यात, कुकर स्वतःच स्वतःचं झाकण काढणार, आणि तेही नेमक्या क्षणी. खाली जे नमुने येतील त्या प्रत्येकाच्या मुळाशी हाच झाकणाचा प्रश्न आहे, एवढं लक्षात ठेवा.

एक माणूस, एक दिवस, चार पेटंट

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ऑग्डेन गावचा जॉन मोझेस ब्राउनिंग हा बंदुका बनवणाऱ्याचाच मुलगा. २० एप्रिल १८९७ या एकाच दिवशी त्याला स्वयंचलित पिस्तुलांची चार पेटंट मिळाली. चारांत झाकणाच्या प्रश्नाची चार वेगवेगळी उत्तरं होती.

पहिल्यात नळीला एक छिद्र होतं. गोळी तिथून पुढे गेली की मागचा वायू त्या छिद्रातून वर येई आणि नळीवर बसवलेल्या लिव्हरला ढकली. लिव्हर कमानीत वर उठून मागे जाई आणि ब्रीच उघडी. याचा नमुना त्यानं १८९५ मध्ये हार्टफर्डला कोल्ट कंपनीच्या लोकांना चालवून दाखवला होता. यात वेळेचं गणित आपोआप जुळतं, कारण गोळी छिद्र ओलांडेपर्यंत यंत्रणेला धक्काच बसत नाही. पण विचार करा, नेम धरलेल्या नजरेसमोर दर गोळीला एक लिव्हर उसळणार! खिशात अडकेल ती वेगळीच. हा नमुना बाजारात कधी आलाच नाही.

दुसऱ्यात नळी दोन छोट्या लिंकांवर बसवली होती. नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकून थोडं अंतर बरोबर मागे जात, मग लिंकांमुळे नळी खाली उतरे आणि स्लाइड सुटी होई. आपल्या भाषेत हे पॅरलल लिंकेज. पुढे कोल्टचं १९०० चं पिस्तूल यावरच बनलं. तिसऱ्यात नळी मागे जाताना स्वतःभोवती फिरून सुटत होती, बरणीचं झाकण पिळून काढावं तशी.

आणि चौथ्यात? चौथ्यात कुलूपच नव्हतं. नळी पक्की बसवलेली, मागे एक वजनदार ब्रीच आणि ती जागेवर आणणारी स्प्रिंग. बस्स. यालाच ब्लोबॅक म्हणतात. खिशातल्या पिस्तुलासाठी ब्राउनिंगनं निवडलं ते हेच. याच तत्त्वावरचं ७.६५ मि.मी. चं पिस्तूल बेल्जियमच्या एफएन कंपनीनं १९०० चं मॉडेल म्हणून आणलं आणि लाखोंनी विकलं.

कुलूप नाही, मग फुटत कसं नाही?

इथे बरेच जण म्हणतात, 'स्प्रिंग धरून ठेवते ना!' जरा आकडे मांडू. या काडतुसाच्या गोळीचा व्यास सुमारे ७.९ मि.मी., म्हणजे क्षेत्रफळ ४९ चौ. मि.मी. दाब १००० बार धरला तरी ब्रीचवर बल येतं ४९०० न्यूटन, म्हणजे सुमारे पाचशे किलोचा भार. स्प्रिंगचा जोर असतो काही किलोंचा. पाचशेपुढे ती काय धरणार? स्प्रिंगचं काम स्लाइड परत पुढे आणण्याचं.

धरून ठेवतं ते वस्तुमान. गोळीचं वजन सुमारे ४.६ ग्रॅम, वेग साधारण २९० मीटर प्रति सेकंद. स्लाइड आपण हिशोबापुरती ३०० ग्रॅमची धरू. न्यूटनच्या नियमानं दोघांचा संवेग सारखा, म्हणून दोघांनी कापलेलं अंतर वस्तुमानाच्या उलट प्रमाणात. गोळीनं नळीत १०० मि.मी. प्रवास केला तेव्हा स्लाइड मागे सरकली १०० गुणिले ४.६ भागिले ३००, म्हणजे जेमतेम दीड मि.मी. पुंगळी आहे १७ मि.मी. लांब. म्हणजे गोळी बाहेर पडली त्या क्षणी पुंगळीचा बराचसा भाग अजून नळीतच, भक्कम पोलादाच्या आधारानं बसलेला. त्यानंतर दाब गेला, आणि स्लाइड मिळालेल्या वेगावर उरलेला प्रवास करते. जातं फिरवताना पहिला हिसका किती जड जातो ते आजीला विचारा. इथे नेमका तो जडपणाच कुलपाचं काम करतो.

या एफएनच्या पिस्तुलात आणखी एक गंमत. नळीच्या वर बसवलेली स्प्रिंग स्लाइडही परत आणते आणि मधल्या लिव्हरमार्फत काडतुसावर आदळणाऱ्या पिनलाही जोर देते. एका स्प्रिंगमध्ये दोन कामं, म्हणजे एक भाग कमी.

इन्व्हर्जन करून बघितलं, पण...

आपल्याला शिकवतात, की चेन तीच ठेवून फिक्स लिंक बदलली की नवी यंत्रणा मिळते. हेच काहींनी पिस्तुलात केलं. ब्लोबॅकमध्ये नळी स्थिर आणि ब्रीच मागे. त्याऐवजी ब्रीच स्थिर ठेवली आणि नळीच पुढे जाऊ दिली तर? ऑस्ट्रियाच्या फेर्डिनांड फॉन मान्लिखरनं १८९४ च्या पिस्तुलात हे केलं. ते तसं मोठं होतं. खिशाच्या मापात ही कल्पना आणली आंद्रेआस श्वार्झलोझेनं, १९०८ मध्ये.

नळी पुढे का जाते? घट्ट बाहीतून हात काढताना बाही हाताबरोबर ओढली जाते, तसं. गोळी नळीतल्या आट्यांतून घासत जाताना नळीलाही पुढे ओढते. नळी पुढे गेली की पुंगळी मागे मोकळी पडते. मग स्प्रिंग नळीला परत मागे आणते आणि येता येता नळी पुढचं काडतूस गिळते. मागे सरकणारा भागच नाही, म्हणून पिस्तूल आटोपशीर होतं.

कागदावर सुंदर. पण इन्व्हर्जनमध्ये सापेक्ष गती तीच राहते, फ्रेमवरची बलं तीच राहत नाहीत, आणि इथे फ्रेम म्हणजे चालवणाऱ्याचा हात. ब्लोबॅकमध्ये तो पाचशे किलोचा धक्का आधी स्लाइड पितो आणि मग सावकाश स्प्रिंगमार्फत हाताला देतो. स्थिर ब्रीच असली की तो धक्का थेट हातात. वर नळीही पुढे निघालेली, तिच्या संवेगाची भरपाईसुद्धा हातानंच करायची. म्हणून छोटं काडतूस असूनही श्वार्झलोझेचं पिस्तूल हाताला झणका देतं अशी त्याची ख्याती झाली. काही वर्षांतच त्याचं उत्पादन थांबलं.

जपानमध्ये हिनो कुमाझो या लष्करी अधिकाऱ्यानं कोमुरो याच्यासोबत आणखी पुढची उडी मारली. हाच हिनो डिसेंबर १९१० मध्ये तोक्योच्या योयोगी मैदानावर जपानमधल्या पहिल्या विमानउड्डाणांपैकी एक करणारा वैमानिक! हिनो-कोमुरो पिस्तुलात नळी आधी पुढे ओढून अडकवून ठेवायची. चाप ओढला की नळी सुटून मागे येते, काडतूस आत घेते आणि ते स्थिर पिनवर आदळून उडतं. वेगळा हातोडा नाही, हलती पिन नाही. भाग खरोखर कमी झाले. पण नेम धरून चाप ओढला, की गोळी सुटण्याआधीच नळीसारखा जड तुकडा मागे धावत येणार. नेम हलणार नाही तर काय! उदबत्तीनं फटाक्याची वात पेटवताना कुणीतरी कोपर ढकलावं, तशातला प्रकार.

हूकच काढून टाकला तर?

जर्मनीत गॅगनाऊला थिओडोर बर्गमानचा कारखाना होता आणि लुई श्मायसर त्याचा डिझायनर. त्यांच्या १८९६ च्या ५ मि.मी. च्या छोट्या पिस्तुलाच्या सुरुवातीच्या नमुन्यांत पुंगळी ओढून काढणारा हूकच नव्हता. एवढंच नाही, काडतुसाच्या बुडाला हूक अडकवायची खाचही नव्हती. नळीत उरलेला दाबच पुंगळीला मागे ढकलून बाहेर काढे. मागे येणारी पुंगळी मॅगझिनमधल्या पुढच्या काडतुसावर आपटून बाहेर उडे.

चालतं तोवर झकास. पण एखादं काडतूस दमट दारूमुळे उडालंच नाही तर? दाब नाही, म्हणजे ढकलणारं कुणी नाही. हूक नाही, म्हणजे ओढणारंही कुणी नाही. न उडालेलं काडतूस नळीत ठाण मांडून बसणार. लवकरच बर्गमाननं हूक आणि खाच दोन्ही परत आणले. यंत्रणा नेहमीच्या वेळी चालते का हे पाहून पुरत नाही. बिघडल्यावर माणसाच्या हाती काय उरतं, हेही पाहावं लागतं.

गोळीच्या पिळाचं कुलूप

आता माझा सगळ्यात आवडता नमुना. अमेरिकेतल्या एल्बर्ट सर्लची कल्पना आणि सॅव्हेज कंपनीचं १९०७ चं पिस्तूल. नळीतल्या आट्या गोळीला पीळ देतात. मग तिसऱ्या नियमानं गोळीही नळीला उलटा पीळ देणार. सर्ल म्हणाला, स्लाइड मागे जाण्यासाठी नळीला सुमारे ५ अंश फिरावं लागेल अशी रचना करू, आणि फिरण्याची दिशा अशी ठेवू की गोळीचा पीळ नळीला उघडण्याविरुद्ध दाबून धरेल. गोळी नळीत आहे तोवर कुलूप, गोळी बाहेर पडली की कुलूप उघडं. कुकरचं झाकण आतल्या वाफेनंच घट्ट बसावं तसं. वाचून मी टाळी वाजवली होती.

मग वहीत हिशोब केला. तुम्हीही करून बघा. गोळीला भरीव दंडगोल धरलं तर तिच्या पिळाचा टॉर्क म्हणजे तिला पुढे ढकलणारं बल गुणिले एक छोटा आर्म. हा आर्म निघतो पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग भागिले आटीची लांबी. त्रिज्या ३.९५ मि.मी., एका पूर्ण आट्याला ४०० मि.मी. धरले, तर आर्म येतो ०.१२ मि.मी. जेमतेम एका कागदाच्या जाडीइतका! आता नळीचा लग ७ मि.मी. त्रिज्येवर आहे आणि घर्षणगुणांक ०.१५ आहे असं धरा. सगळं बल लगवर आलं तर नुसत्या घर्षणाचाच आर्म १ मि.मी. च्या वर जातो, म्हणजे पिळाच्या आठपटीहून जास्त. त्यामुळे या रचनेनं जो काही उशीर होत असेल तो घर्षणाचा. गोळीच्या पिळाचा त्यात वाटा नगण्य. सर्लची दिशा बरोबर होती, परिमाण नव्हतं. आज हे पिस्तूल वागायला जवळपास साध्या ब्लोबॅकसारखंच समजलं जातं.

तरी ते चांगलं खपलं, कारण त्यात दहा काडतुसं दोन रांगांत मावत आणि ते विश्वासानं चालत असे. फिरत्या नळीची कल्पनाही मेली नाही. नळीवर खरे, भक्कम लग ठेवून ती ऑस्ट्रियाच्या १९१२ च्या स्टायर पिस्तुलात आली आणि पुढे इटलीच्या बेरेटाच्या पिस्तुलांतही.

थबकणारी ब्रीच आणि एका हाताचं पिस्तूल

जॉन पेडरसननं रेमिंग्टनसाठी केलेलं मॉडेल ५१ पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस बाजारात आलं. यात स्लाइडच्या आत ब्रीचचा वेगळा ठोकळा आहे. गोळी उडाली की दोघं बरोबर सुमारे २ मि.मी. मागे येतात. मग ठोकळा फ्रेमच्या खांद्याला अडून थबकतो, पण स्लाइड मिळालेल्या वेगावर पुढचा प्रवास चालू ठेवते. थोडं अंतर गेल्यावर तीच ठोकळ्याला उचलून खांद्यावरून सोडवते आणि दोघं मिळून मागे जातात. मधल्या वेळात दाब उतरलेला असतो. इथे उशीर खरोखर भूमितीनं होतो. म्हणून स्लाइड हलकी आणि पिस्तूल सडपातळ ठेवता आलं. पण तयार करायला किचकट, आणि ज्या छोट्या काडतुसांसाठी हा खटाटोप, त्यांना ब्राउनिंगचं साधं वजन पुरत होतं. १९२० चं दशक संपण्याआधी ते बंद झालं. २०१४ मध्ये हीच यंत्रणा मोठ्या ९ मि.मी. काडतुसासाठी पुन्हा आणली गेली, तेव्हा पहिली खेप परत मागवावी लागली.

विटोल्ड खिलेव्स्कीनं मात्र झाकणाच्या प्रश्नाला हात न लावता वेगळाच प्रश्न घेतला. अपघात नको म्हणून लोक पिस्तूल नळी रिकामी ठेवून बाळगत. पण मग पहिलं काडतूस भरायला दोन हात लागत. त्यानं चापाभोवतीची कडी सरकती केली. बोटानं कडी मागे ओढली की स्लाइड मागे येते, आणि तेच बोट मग चापावर. स्वित्झर्लंडमध्ये सिगनं याचे नमुने बनवले आणि १९२० च्या दशकात लिग्नोझे या जर्मन कंपनीचं 'आइनहांड', म्हणजे 'एक हात', पिस्तूल त्यातूनच निघालं. एका बोटाच्या जोरावर स्प्रिंग दाबायची, म्हणून ते ६.३५ मि.मी. च्या दुबळ्या काडतुसापुरतंच राहिलं.

साधेपणाची दुसरी बाजू

तर स्पर्धेत जिंकलं ते चौथं पेटंट, कुलूप नसलेलं. भाग कमी, किंमत कमी, बिघाड कमी, आणि कोटाच्या खिशात सहज मावणारं. म्हणूनच ते जगभर पोचलं. ऑक्टोबर १९०९ मध्ये हार्बिन स्टेशनवर कोरियाच्या आन जुंग-गुननं जपानचे इतो हिरोबुमी यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या एफएनच्या १९०० च्या मॉडेलमधून. दोन महिन्यांच्या आत, २१ डिसेंबर १९०९ ला, नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेनं कलेक्टर जॅक्सनला मारलं, तेही ब्राउनिंग पिस्तुलानं. सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीनबरोबर पाठवली होती, ही गोष्ट खटल्यामुळे इतिहासात नोंदली गेली आहे. एप्रिल १९१० मध्ये ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फाशी गेले. कान्हेरे तेव्हा आपल्यापैकी फर्स्ट इयरच्या मुलांच्या वयाचा होता. वर पाचशे किलो आणि दीड मि.मी. हे आकडे मी सहज लिहून गेलो, पण त्या दीड मि.मी.च्या दोन्ही टोकांना माणसं होती, हे विसरून चालणार नाही.

याचा आपल्याशी काय संबंध?

आपल्याकडे फायनल इयरच्या प्रोजेक्टला हमखास प्रश्न येतो, 'यात मेकॅनिझम कोणतं वापरलंय?' मग आपण ग्रुपमध्ये बसून मेकॅनिझम शोधतो, जिनीव्हा व्हील बसवतो, दोन कॅम जास्त लावतो, आणि शेवटी त्यांना काहीतरी काम मिळावं म्हणून प्रश्न शोधतो. वरच्या गोष्टीतले लोक आपल्यापेक्षा कितीतरी हुशार होते. तरीही त्यांचे बरेचसे नमुने संग्रहालयात गेले, कारण त्यांनी सोडवलेला प्रश्न त्या छोट्या काडतुसापुढे तितका मोठा नव्हताच. तेच ९ मि.मी. चं मोठं काडतूस घ्या. गोळी ८ ग्रॅमच्या आसपास आणि वेगही जास्त, म्हणजे संवेग दुप्पट. नुसत्या वजनानं धरायचं तर स्लाइडचं ओझं खिशाला पेलणार नाही. तिथे लिंकेज, फिरती नळी, खरं कुलूप यांना अर्थ आहे, आणि ब्राउनिंगनं मोठ्या पिस्तुलात ते वापरलंही. चारही यंत्रणा हाताशी असताना कुठली कुठे हे ठरवणं, ही त्याची खरी करामत.

म्हणून माझी सूचना एवढीच. पुढच्या प्रोजेक्टला ड्रॉइंग शीट लावण्याआधी वहीचं एक पान घ्या. किती बल, किती वेळ, किती अंतर, एवढे तीन आकडे काढा. साध्या वजन-स्प्रिंगनं काम भागतंय असं निघालं तर लाजू नका. तसंच करा, आणि व्हायवाला ते पान पुढे ठेवा. भागत नसेल तर मग खुशाल लिंकेज लावा. आणि एखादी कल्पना सर्लच्या पिळासारखी अगदी पटून गेली, तर त्या दिवशी हिशोब दोनदा करा.